मुळीचं नाव

भाजे

आत्या,

तू जाऊन सहा वर्सं झाली, तरी तुला लिवते, कारण काल मी तुझा शब्द मोडला. काविळीची मुळी दाखवताना तू मला शपथ घातली हुतीस, "नाव सांगशील तर गुण जाईल."

शेजारच्या कोमलला मी ती मुळी तीन दिवस ताकातून दिली. कावीळ उतरायची सोडून वाढतच गेली. लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, तिला गोळ्या चालू होत्या. वरून तुम्ही काय दिलंत ते कळलं, तरच पुढचं ठरवता येईल."

मी नाव सांगितलं आन् पिशवीतली मुळीच टेबलावर ठेवली. आज कोमल वाटीभर पेज प्याली.

गुण गेला आसंल तर जाऊ दे.

तुझे डोळे पिवळे झाले, तवा तू बी हीच मुळी घेत हुतीस. डॉक्टरनं मला हेच इचारलं हुतं. तू माझा हात दाबलास, आन् मी गप ऱ्हायले.

तुझी भाची,
रतन