कोरी वाळू

हस्सीलबिएद,
२४ फेब्रुवारी २००२

ती. इत्तोताईस,
धाकट्या झैदचा सलाम वि. वि.

तुझं पत्र आणि फोटो दोन्ही पोचले. ल्यॉनची थंडी तुला मानवलेली दिसते. ईदेला तुझी फार आठवण झाली. तुझ्या वाटणीची कलेजी मीच खाल्ली, तेव्हा ती वाया गेली असं समजू नकोस.

आपल्या बाला फोटो दाखवला. त्यानं बराच वेळ निरखून ही बाई कुणाची म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं तर उलट मलाच म्हणाला की मग हिचे पाय का नाही काढले फोटोत, पाय बघून लगेच ओळखली असती. वाईट वाटून घेऊ नकोस. हल्ली तो मलाही तोंडावरून ओळखत नाही. दारातली माझी पावलं बघतो आणि मग हाक मारतो. त्याचा नेम मात्र चुकलेला नाही. पहाटेचा नमाज झाला की मागच्या दारानं निघायचं, टेकाड ओलांडून झाऊच्या झाडापर्यंत जायचं, रात्रीतून कोण आलं कोण गेलं ते वाळूत वाचायचं आणि आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत परत यायचं. वाट त्याला आठवत नाही, पण डाव्या पायाची करंगळी नसलेलं आपलं पाऊल तो विसरत नाही. मी त्याला चिडवतो की स्वतःच्याच मागं मागं घरी येणारा तू या गावातला एकटाच.

आता तुझ्या मालकिणीचा, मादाम ओदीलचा प्रश्न. मी पाहुण्यांना नेतो त्या क्वाडच्या सफरीत काय काय असतं ते लिहितो, तिला वाचून दाखव. पहाटे उठावं लागेल, कुरकुर चालणार नाही. चहा, डोक्याला फेटा, त्यावर टोप, डोळ्यांना चष्मा. चार जाड चाकांची ती फटफटी चालवायला अक्कल लागत नाही, उजवा अंगठा लागतो. चढावर अंगठा सोडला की चाकं रुतली, आणि माथ्यापलीकडं काय आहे ते न बघता उतरलं की माणूस खाली आणि फटफटी वर. वाळू दातांत जाते, कानांत जाते, आणि घरी परतल्यावर आठ दिवस अंथरुणात सापडते. सूर्य वर येताना उंच टेकाडावर भाकरी, तेल, खजूर.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे कोरी वाळू. जिथं आजवर कुणाचं पाऊल पडलं नाही अशी! ती कुठून येते हे मादामला सांगू नकोस. रोज उजाडायच्या आत मी आपल्या जुन्या तंबूची लांब पट्टी क्वाडच्या मागं बांधतो आणि घरामागच्या टेकाडांवरून फिरवतो. कालच्या चाकांचा माग पुसला जातो. पाहुणे बघतात आणि हळू आवाजात बोलायला लागतात.

लोभ आहेच, तो वाळूसारखा सरकू देऊ नये.
तुझा झैद

*

ल्यॉन,
८ मार्च २००२

चि. झैदास,
इत्तोताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग डोकं फिरलं. अरे गाढवा, आईच्या तंबूची पट्टी? ती विणताना शेळीचे केस मी पिंजलेत, बोटांची सालं गेली होती माझी. पण ते जाऊ दे. आई गेली, तिला आता राग येणार नाही. मला बाची काळजी वाटते. ज्या माणसाला आता फक्त वाळू वाचता येते त्याच्यापुढची वाळू तू रोज पुसतोस? त्याला काय वाटत असेल? त्याचं जाणं-येणं पावलांच्या भरवशावर चाललंय हे तूच चेष्टेत लिहिलंस आणि तुझ्याच ध्यानात आलं नाही. मागच्या दारापासून झाऊपर्यंत एक पट्टा त्याच्यासाठी राखून ठेव. तिथं ना चाक फिरवायचं ना पट्टी. मला तसा शब्द दे.

मादामला तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. कोऱ्या वाळूपाशी आल्यावर तिनं माझा हात धरला. ती एक एप्रिलला तिच्या सहलमंडळातल्या पंधरा जणांना घेऊन येते आहे आणि दोन तारखेला पहाटे तिची सफर आहे. माझ्या इथल्या राहण्याच्या कार्डाची मुदत संपलीय. नवं मिळेपर्यंत मला इथून हलता येत नाही, आणि ते मिळायला तिचं शिफारसपत्र कचेरीत जायला हवं. तेव्हा लिहिलंस तसं सगळं तिला दिसू दे. तिला कसली कमी पडू देऊ नकोस. माझी लाज राख.

तुझ्यावर चिडले असले तरी लोभात खोट नाही.
इत्तो

*

हस्सीलबिएद,
१८ मार्च २००२

ती. ताईस, सलाम वि. वि.

तुझे जोडे पोचले. कानाला खडा. मी बालाच विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला की हल्ली गावात कुणी राहत नाही, सगळे मेले असावेत, कारण सकाळी कुणाचंच पाऊल दिसत नाही. रोज सकाळी तो गाव मेला असं समजत होता आणि आम्हाला कुणाला वाईट वाटू नये म्हणून बोलत नव्हता.

आता दारापासून झाऊपर्यंत पट्टा राखलाय. टेकाडाच्या अलीकडं कडेनं सात पांढरे दगड लावलेत, ते बानंच निवडले. त्या पट्ट्यात आता शेजारच्या शेळ्या, गाढव, पाण्याला जाणारी माझी फद्मा, सगळ्यांची पावलं उमटतात. बा दिवसभर बातम्या सांगत असतो. अद्दीकाका कसा माग काढतो ते तुला ठाऊकच आहे, तोही बाबद्दल म्हणाला की हम्मूची नजर अजून माझ्याहून बारीक आहे. पट्ट्याला हात लावणार नाही, हा माझा शब्द.

मादामची काळजी करू नकोस. राणीसारखी फिरवून आणतो.

लोभ वाढला नाही तरी घटू नये.
झैद

*

हस्सीलबिएद,
८ एप्रिल २००२

ती. ताईस, सलाम वि. वि.

परवा दुकानातल्या फोनवर बा गेला एवढंच सांगता आलं. मागं रांग होती, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. तुझं ते ओरडणं अजून कानात आहे.

दोन तारखेच्या पहाटे तो नेहमीसारखा बाहेर पडला आणि परतला नाही. नऊ वाजता फद्मानं न्याहारीला हाक मारली तेव्हा कळलं. पाहुण्यांच्या सगळ्या कॅम्पांतल्या क्वाड चारी दिशांना धावल्या. अद्दीकाका आला तेव्हा वाळूत चाकांशिवाय काही उरलं नव्हतं. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा शिव्या देताना ऐकलं. सगळ्यांना खाली उतरवून तो एकटा पायी लांबचा फेरा घालत गेला. तिसऱ्या दिवशी पूर्वेच्या काळ्या दगडांच्या माळावर बा सापडला. चपला डोक्याखाली घेऊन कुशीवर निजला होता. क्वाडला तीच पट्टी बांधलेली होती, दुसरं काही नव्हतं, म्हणून आईच्या विणीतच त्याला घरी आणला. गुरुवारी दफन झालं. अख्खा गाव आला होता, त्याला दिसायला हवा होता.

त्या पहाटे वारा फार होता गं. वाऱ्यानं त्याची पावलं पुसली. नशीब, दुसरं काय.

अद्दीकाका माझ्याशी बोलत नाही. म्हातारा थकलाय.

लोभ असू दे.
झैद

*

ल्यॉन,
१६ एप्रिल २००२

चि. झैदास, आशीर्वाद.

मला तिथं पोचता आलं नाही. बाला माती देता आली नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. इथं मादामचे जिने पुसत होते आणि तिथं माझा बाप माळावर पडला होता.

काल मादाम घरी आली. माझे हात धरून रडली. ती खरी रडली, तिला नावं ठेवणार नाही. तुझंही कौतुक केलं, सगळं अगदी लिहिलं होतं तसंच होतं म्हणाली. जाताना एक मोठा फोटो चौकटीत बसवून दिला. तुझ्या वडिलांची भूमी तुझ्यापाशी असू दे, म्हणाली. दोन तारखेच्या पहाटेचा फोटो आहे. ती उभी आहे, मागं गुलाबी उजेड आणि सगळी वाळू कोरी.

तिच्या उजव्या बाजूला सात पांढरे दगड आहेत. मी तीनदा मोजले. दगडांच्या आतही वाळू कोरीच आहे. शेळीचा खूर नाही, फद्माचं पाऊल नाही, बाचं नाही. आणि मादामच्या गळ्यातला पातळ रुमाल सरळ खाली लोंबतोय. झैद, त्या पहाटे वारा नव्हता.

तू मला मुलासारखा आहेस. आई गेल्यावर तुला मी भरवलंय. मला खोटं लिहू नकोस. काय झालं ते लिही.

इत्तो

*

हस्सीलबिएद,
२६ एप्रिल २००२

ती. ताईस,
सलाम लिहायलाही लाज वाटते.

वारा नव्हता. मी पट्टी फिरवली.

मादाम आणि तिची माणसं टोप घालून कॅम्पात उभी होती. उजाडायला आलं होतं. त्या एका पट्ट्यात लेंड्या, खुरांचे ठसे, सगळा बाजार. बाकी वाळू नव्या चादरीसारखी, आणि मधे हा डाग. मला तुझं कार्ड आठवलं. म्हटलं, एक दिवस. उद्या शेळ्या पुन्हा तुडवतीलच. दगडांच्या आतून पट्टी नेली ती टेकाडावरून खाली झाऊच्या खळग्यापर्यंत.

आता जे लिहितो ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्या पट्ट्यात बाची पावलं होती. ताजी होती, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. चार बोटांचा डावा पाय. जाणारी होती ताई, येणारी नव्हती. आपल्यातल्या चार वर्षांच्या पोराला विचारलं तरी ते सांगेल की माणूस अजून बाहेर आहे. मलाही कळलं. मी बघितलं, मला कळलं, आणि मी पुसलं. वाटलं, दहा मिनिटांचं काम, यांना टेकाडावर पोचवून बाला घेऊन येतो. मग मादामची क्वाड माथ्यावरून कलंडली, सगळ्यांची धावपळ झाली, आणि माझ्या डोक्यातून बा गेला. त्यालाच विसरभोळा म्हणायचो.

दफनानंतर अद्दीकाका मला हाताला धरून खळग्यात घेऊन गेला. पाहुणे तिथवर येत नाहीत, शोधातल्या क्वाडही त्या खळग्यात उतरल्या नव्हत्या, त्यामुळं तिथली वाळू शाबूत होती. तो नुसतं काठीनं दाखवत गेला आणि मी वाचत गेलो. बा झाऊपर्यंत गेला होता. तिथून आपल्या पावलांवर पाऊल ठेवत परत फिरला होता. आणि जिथं माझी पट्टी संपली होती तिथं येऊन थांबला होता. पुढं त्याचं पाऊलच नव्हतं. टेकाडापलीकडं घर होतं, पण त्याला कसं कळावं? त्या कडेनं तो अकरा वेळा इकडून तिकडं गेलाय. एका जागी गुडघे टेकलेत, आणि हाताच्या बोटांनी वाळू चाचपलीय. मग पूर्वेकडं वळला.

तिथं, अगदी कडेला, अद्दीकाकानं पीठ मळायची लाकडी परात उपडी घातलीय आणि वर दगड ठेवलेत. खाली बाचं एक पाऊल आहे. पूर्वेला वळलेलं नाही, घराकडं तोंड असलेलं त्यानं निवडलं. मला एवढंच म्हणाला की इत्तो येईपर्यंत हे राखायचं, रोज येऊन बघायचं, आणि पायी यायचं. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. मी रोज जातो. क्वाडचं काम सोडलं. कॅम्पात दुसरा माणूस आलाय, त्यानं पट्टी मागितली, मी दिली नाही.

तुला लोभ मागायला मला तोंड नाही.
झैद

*

ल्यॉन,
६ मे २००२

चि. झैदास, आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून दहा वेळा लिहायला बसले. तुला माफ केलं असं लिहिणार नाही, ते खोटं होईल, आणि खोट्याचं काय होतं ते आपण बघितलं. पण तुझ्याच डोक्यावर सगळं फोडून मोकळी होणं हेही खोटंच. आठ मार्चच्या माझ्या पत्रात वरच्या परिच्छेदात पट्टा राख म्हणून लिहिलं आणि खालच्या परिच्छेदात माझी लाज राख म्हणून लिहिलं. तू खालचं ऐकलंस. माझंच ऐकलंस.

माझं कार्ड आलं. मादामच्या पत्रामुळं आलं. कचेरीतल्या बाईनं मला ते वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय की या बाईचे घरचे लोक दिलेल्या शब्दाला जागतात. मी तिथंच खाली बसले. त्या बाईला वाटलं, आनंदानं.

तेवीस मे, गुरुवारी, रिसानीच्या बसनं येते. मला न्यायला ती फटफटी आणू नकोस. चालत ये आणि माझ्या पुढं चाल, तुझी पावलं मला दिसू देत. आईची पट्टी धुऊन ठेव. अद्दीकाकाला सांग की मी येईपर्यंत तरी त्यानं तुझ्याशी बोलावं, घरात मोठं आता कुणी उरलेलं नाही.

परात उचलू नकोस. आपण दोघं मिळून उचलू आणि बाचं पाऊल कुठं निघालं होतं ते मला माझ्या डोळ्यांनी बघू दे. त्यानंतर वारा येईल आणि नेईल. ते काम त्याचं आहे, आपलं नव्हतं.

लोभ आहे. तो कुठं जाणार.
इत्तो