सत्तावन्न दिवसांचा वारा

गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना कमी चढा म्हणावं. ऐकणार नाहीत ते, पण म्हणावं. मी मजेत. म्हणजे जेवतोय, झोपतोय. तीन पत्रं फाडली, हे चौथं. फोनच केला असता, पण तुझं ‘बोल रे माकडा’ ऐकलं की मी हवापाण्यावरच बोलत बसतो.

तुझ्या शिवणवर्गातल्या बाया शनिवारच्या सभेत पवनचक्कीचे शेअर घेणार, हे कळलं. नव्या मशिनींसाठी तीन वर्षं साठवलेले पैसे, सगळेच्या सगळे! इथे ऑफिसातही फॉर्मसाठी झुंबड आहे. निवृत्त मास्तर, औषधवाला, कोण नाही ते विचार. जनरेटरच्या धुराला कंटाळलेत लोक. आपल्या टेकडीवरच्या वाऱ्यावर आपले दिवे लागणार म्हणून हरखून गेलेत. लागावेत असं मलाही मनापासून वाटतं गं. पण तू म्हणालीस म्हणे, "माझा भाऊ स्वतः वारा मोजतो, डोळे झाकून पैसे घाला." ते ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

माझं काम तुला माहीतच आहे. टेकडीवर उंच खांब, टोकाला फिरत्या वाट्या. वाऱ्याने त्या फिरतात, खालच्या पेटीत आकडे उमटतात. वर्षभर मोजायचं, मग ठरतं इथे चक्की परवडते का. वाट्या अडकल्या तर चढून मोकळ्या करायच्या. मला ठेवलंय ते त्यासाठीच.

सप्टेंबरात अर्ध्यावर माझा पाय सटकला. पाव तास पट्ट्याला लटकलो होतो. लागलं काहीच नाही, म्हणून कुणाला बोललो नाही. पण तेव्हापासून खांबाला हात लावतो आणि तसाच मागे फिरतो. हसू नकोस. पाण्याच्या टाकीवरून गच्चीत उड्या मारणारं तुझं माकड हे!

ऑक्टोबरात वाट्या अडकल्या. मी चढलोच नाही, ताई. आज जाऊ, उद्या जाऊ करत सत्तावन्न दिवस काढले. साहेबांनी विचारलं, "मोकळ्या केल्यास ना?" म्हटलं, "हो तर!" पेटीत सगळी शून्यं. मग त्या जागी आधीच्या दोन महिन्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भरले. ते दोन महिने सोसाट्याचे होते. आणि या सत्तावन्न दिवसांत ऑफिसवरचं निशाण ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं. खिडकीतून रोज दिसत होतं मला. पुढे एका वादळात वाट्या आपोआप सुटल्या, आणि मी गप्प बसलो.

काल साहेबांना सगळं सांगितलं. आधी घाबरले, मग हळूच म्हणाले, "पुन्हा वर्षभर मोजत बसलो तर लोकांचा उत्साह मावळेल. शनिवारची सभा होऊन जाऊ दे, मग बघू." वर चहा पाजला. मी तो प्यायलो, याची आता लाज वाटते.

तर ऐक. शनिवारी चेक देऊ नका. वारा पुरेसा असेलही. पण ते आज कुणालाच माहीत नाही, आणि ते माझ्यामुळे. सभेत मी उभा राहून हेच सांगणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. बायांसमोर तुला खाली मान घालायला लावली, त्याचं काय करू, कळत नाही. त्यांना आधी तूच सांग. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, उद्या मिळेल.

आज सकाळी खांबापाशी गेलो होतो. ठरवलं होतं, आज चढायचंच. सात पायऱ्या चढलो आणि उतरलो. टोकापर्यंत गेलो असं तुला लिहावं, असं आत्ता हे लिहितानाही वाटून गेलं.

सातच, ताई.

शनिवारी पुढच्या रांगेत बस. तुझ्याकडे बघून बोलेन.

अजून जमिनीवरच असलेलं,
तुझं माकड