तुमच्या नंबरचं भिंग

आबा, गेल्या रविवारी दुपारी मी तुमच्या कॅमेऱ्यातून बघितलं आणि मला स्वच्छ दिसलं. खरं तर एवढंच लिहायचं म्हणून बसले होते. पण एवढ्यावरून तुम्हाला काय कळणार, आणि अर्धवट सांगितलेलं तुम्हाला कधीच चाललं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुम्ही गेल्यापासून तो कॅमेरा मंगळवार पेठेतल्या घरी आईच्या लोखंडी कपाटात आहे, तिच्या पांढऱ्या साड्यांच्या खाली. चाळिशी उलटून गेल्यावर मी तो दोन-तीनदा बाहेर काढला होता. चष्मा काढून डोळा लावायचा हा तुमचाच नियम, नाहीतर पितळी कडीवर काच घासते. मी नियम पाळायची आणि मला धुक्याशिवाय काही दिसायचं नाही. मधला तो लहानसा चौकोन, ज्यात एकाच माणसाची दोन चित्रं दिसतात आणि रिंग फिरवून ती एकमेकांवर आणून बसवायची असतात, तो चौकोनच मला सापडायचा नाही. आत बुरशी धरली असणार असं मी ठरवून टाकलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, फौंड्रीच्या तपासणी विभागात, ओतलेल्या कास्टिंगमधल्या चिरा शोधण्यात माझा जन्म गेला आहे. एखादी वस्तू चांगली नाही असं ठरवायला मला फार वेळ लागत नाही.

रविवारी माझ्या लेकीनं तो मागितला होता, दिवाणखान्यात शोभेला ठेवायला. देण्याआधी पुसून घ्यावा म्हणून मी उंबऱ्यात बसले होते. आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मी सवयीनं डोळा लावला. धुकं नव्हतं. पिवळट चौकटीच्या आत अख्खं स्वयंपाकघर होतं, फडताळ, पाण्याची कळशी, आईच्या हातातली पाकळी. आणि मधल्या चौकोनात दोन आया बसल्या होत्या, एक धडधाकट आणि तिच्या शेजारी एक फिकी, जिच्या अंगातून मागची भिंत दिसत होती. मी रिंग फिरवायला लागले. ती फिकी आई हळूहळू सरकत आली आणि धडधाकट आईच्या अंगात शिरून बसली. आबा, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. घरात तिसरं कुणी नव्हतं, तरी कुणीतरी माझ्या डोळ्यातून बघून घेतल्यासारखं झालं मला. मी कॅमेरा खाली ठेवला.

"काय झालं गं?" आई म्हणाली.

"दिसलं."

"कोण दिसलं?"

"तूच की."

"मी हितंच हाय मगापासनं," ती म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. मग जरा वेळानं हात पदराला पुसून आली, "आण हिकडं, मलाबी बघू दे." तिनं डोळा लावला, इकडं वळवला, तिकडं वळवला. "काय दिसत न्हाय. नुसतं धुकं हाय," म्हणून तिनं तो परत दिला. मग बुरशी नव्हती. काच तीच होती, माझा डोळा बदलला होता.

डोळा लावायच्या जागी फिरकीनं बसवलेलं ते करंगळीच्या नखाएवढं भिंग आठवतं ना तुम्हाला? आठवणारच. तुम्हाला लांबचं दिसत नव्हतं आणि चष्मा लावून कॅमेऱ्यात बघितलं की चौकटीच्या कडा दिसत नव्हत्या, म्हणून पेठेतल्या चष्मेवाल्याकडून तुम्ही तुमच्या नंबरची काच घासून त्या कडीत बसवून घेतली होतीत. नंबर वाढला की काच बदलायची. मी सात-आठ वर्षांची असताना तुमच्या फोटो स्टुडिओत टेबलावरचा कॅमेरा बघून त्या भिंगाला बोट लावलं होतं. तुम्ही पडद्यामागून आलात, हात उगारला नाहीत, पण आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला असेल. "माझ्या डोळ्यात बोट घालतीस व्हय गं?" मला तेव्हा ते खरंच वाटलं होतं. रात्री तुम्ही जेवायला बसलात तेव्हा तुमचा डोळा लाल झालाय का ते मी चोरून बघत होते. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत मी त्या भोकाला कधी डोळा लावला नाही.

सोमवारी मी कंपनीच्या बसनं कामावर गेले, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. गेल्या वर्षभरात माझा जवळचा चष्मा सुटला होता. पेपर बिनचष्म्याचा वाचता यायला लागला होता आणि मी ते सगळ्यांना सांगत सुटले होते. जेवणाच्या सुट्टीत औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवायची. आई म्हणायची, "म्हातारपणी तरणी झालीस की गं." आपल्याकडं असं झालं की डोळा सुधारला असं समजतात, मीही समजले. लांबची बसची पाटी अंधुक दिसते याकडं मी काणाडोळा केला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेले तीसुद्धा कंपनीची वार्षिक तपासणी आली म्हणून. तरुण मुलगी आहे ती डॉक्टर. दिव्यानं बघितलं आणि हसून म्हणाली, "मावशी, डोळा सुधारला न्हाई. मोतीबिंदू पिकतोय. पिकताना नंबर असा मायनसकडं सरकतो, म्हणून जवळचं दिसतंय. थोडे दिवस गंमत वाटती, मग काहीच दिसत न्हाई." मी पिशवीतून कॅमेरा काढला आणि ते भिंग तिला दाखवलं. तिनं ते फिरवून काढलं, यंत्रावर धरलं आणि भुवया उंचावल्या. म्हणाली, आत्ता तुमच्या उजव्या डोळ्याला लागते तशीच आहे की ही काच. कुणाची?

वडलांची, म्हटलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

तर असं आहे, आबा. माझा डोळा म्हातारा होत होत तुमच्या शेवटच्या नंबरापाशी येऊन थांबला आहे. थांबलाय असं मी म्हणते, डॉक्टर म्हणते थांबणार नाही, पुढं जाणार. चार-सहा महिन्यांनी हेच भिंग मला पुन्हा धुकट दिसेल. आणि ऑपरेशन केलं तर दुसऱ्या दिवसापासूनच धुकट दिसेल, कारण डोळ्यात नवं भिंग बसवतात आणि नंबरच जातो. ऑपरेशन नाही केलं तर कंपनी तपासणीच्या टेबलावर बसू देणार नाही, निवृत्तीला अजून वेळ आहे. काहीही केलं तरी तुम्ही पुन्हा जाणार होतात. तुम्ही गेलात त्या दिवशी मी अशी हडबडले नव्हते. तेव्हा माणसं होती, चहा करायचा होता, आईला धरायचं होतं.

आठवडाभर मी तो कॅमेरा घेऊन फिरले. गच्चीवर नेला, स्टुडिओ होता त्या गाळ्यासमोर उभी राहिले, आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. जिथं बघेन तिथं चौकोनात आधी दोन-दोन दिसतं, आणि त्यातलं फिकं खरं की गडद खरं हे क्षणभर कळत नाही. ते एक होईपर्यंत मी श्वास धरते. कोपर बरगडीला टेकवते, डावा डोळा मिटत नाही, नुसता बारीक करते. हे मला कुणी शिकवलं? लेक परवा दारातून बघत होती, म्हणाली, "आई, तू असली उभी ऱ्हाऊ नकोस, भ्या वाटतंय." फोटोत तुम्ही असेच उभे आहात, त्या एकुलत्या एका फोटोत, जो तुमचा म्हणून कुणीतरी काढला.

सगळं जरा पिवळसरही दिसतं. मोतीबिंदूचा रंग तो, डॉक्टर म्हणाली. तुम्हालाही होता ना तो? शेवटी शेवटी तुम्ही भिंगावर आणखी एक भिंग चढवलं होतंत, मधला चौकोन मोठा दिसावा म्हणून, पुण्याहून कुणाकडून तरी जुनं आणलेलं, तुमच्यामागं कुठंतरी हरवलेलं. चौकोन मोठा झाला पण उजेड कमी झाला, आणि चौकटीच्या कडा पार दिसेनाशा झाल्या. तुम्ही हे कुणाला बोलला नाहीत. डोळ्याला सुरी लावू देणार न्हाय, एवढंच म्हणायचात. फिल्मला मात्र सगळं दिसत होतं, तुम्हाला न दिसणारी डावी-उजवी बाजूसुद्धा.

ते लग्नाचं प्रकरण म्हणूनच घडलं. मी नोकरीला नुकती लागले होते, सुट्टी होती म्हणून स्टुडिओत बसले होते. वारणानगरकडचा एक माणूस फोटोंचा गठ्ठा घेऊन आला आणि काउंटरवर आपटला. आपल्यातलंच लग्न, सगळे पांढऱ्या कपड्यांत, समोर बुद्धमूर्ती.

"ओ पावणं, ह्या बाई कोण? हे बगा, हितं हायत, हितंबी हायत, जेवणाच्या पंगतीतबी कडंला हायत. आमच्यातल्या न्हाईत, पोरीकडच्याबी न्हाईत. घरात म्हातारी म्हणती, लग्नात कोण मेलेलं माणूस येऊन गेलं!"

प्रत्येक फोटोच्या कडेला, पाहुण्यांपासून हातभर लांब, पांढऱ्या साडीतली एक बाई उभी होती. कुणाकडंच न बघता कॅमेऱ्याकडं बघत असलेली. मी लांबूनच आईला ओळखलं. तुम्ही फोटो नाकाजवळ नेलात. तुम्हाला वाटत होतं ती घरी असते. तुम्ही वायरीत अडकून पडाल, पायरी चुकाल, म्हणून ती दर लग्नाला तुमच्या मागोमाग यायची आणि तुम्हाला दिसणार नाही अशी कडेला उभी राहायची. तुम्हाला कुठवर दिसतं याचा अंदाज तिला तुमच्याहून बरोबर आला होता.

"माझी बायकू हाय," तुम्ही म्हणालात. "मला आता धड दिसत न्हाय. मी पडू नये म्हणून येती ती."

ही गोष्ट मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, आणि तीही एका परक्या माणसाला सांगताना. तुमच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. तो माणूस फोटो गोळा करता करता म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे की. कापू नगा." त्या घरातल्या अल्बममध्ये आई अजून उभी असेल. तुम्ही संध्याकाळी घरी आलात, हातपाय धुतलेत आणि आईला एवढंच म्हणालात, "कडंला कशाला उभी ऱ्हातीस? जवळ ये की." तिनं भाकरी थापत थापत हूं केलं. मला राग आला होता, तुमचा नाही, कुणाचाच नाही, नुसताच राग, आणि रडूही येत होतं.

रविवारपासून माझ्या मनात तेच घोळतंय. तिची साडी तुम्हाला पांढरी दिसायची की अशी पिवळट? चौकोनात ती चुकून कधी आली तर दोन दिसायच्या का, एक तुमच्याजवळची आणि एक फिकी, लांबची? मी आईला हे विचारलं. ती म्हणाली, "त्येंना काय दिसत हुतं ते त्येंनाच ठावं. तू आपलं डोळं दुरुस्त करून घे. मेलेल्या माणसाच्या डोळ्यानं बघू नगंस, त्येचं काय खरं न्हाय." ती घाबरली होती. तिला घाबरलेली मी फार कमी वेळा बघितली आहे. मलाही भीती वाटते, आबा. पण मी तो कॅमेरा लेकीला दिलेला नाही आणि देणारही नाही.

काल तारीख घ्यायला डॉक्टरांकडं गेले. ती म्हणाली, आत कुठल्या नंबरचं भिंग घालायचं ते आपण आधीच ठरवतो, लांबचं स्वच्छ दिसेल असं घालूया. माझ्या तोंडून निघून गेलं, "मायनसमध्येच ठेवता येईल का? आत्ता आहे तेवढंच?"

तिनं पेन खाली ठेवलं. "येईल की. पण मावशी, लोक चष्मा घालवायला येत्यात, तुम्ही ठेवायला आलाय? टीव्हीला, रस्त्यावर, सगळीकडं चष्मा लागंल. जन्मभर."

"कास्टिंग जवळनं बघावी लागतात. बारीक चीर असती," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे," म्हणून तिनं लिहून घेतलं. पिवळेपणा जाईल, तो ठेवता येत नाही. नंबर राहील, तुमचा.

घरी आईला आणि लेकीला मी तेच कारण सांगितलं, कास्टिंगचं. दोघींनाही पटलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुम्हाला पत्ता नाही आणि आईच्या हाती लागलं तर ती रात्रभर झोपणार नाही, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. फाडायच्या आधी फक्त तुम्हाला सांगते: माझ्या टेबलावर कंपनीनं दिलेलं भलंमोठं दिव्याचं भिंग आहे, त्यातून कुठल्याही नंबरच्या डोळ्याला चीर दिसते.