फाटकवालीची खुर्ची

बॅरोज वेल, दक्षिण ऑस्ट्रेलिया
११ एप्रिल २०२५

प्रिय क्लाइव्ह,

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मॉइरावहिनीकडून कळलं. बरं वाटलं. इकडे पावसाचा पत्ता नाही. पेरणीची यंत्रं शेताच्या कडेला उभी आहेत आणि अख्खं गाव आभाळाकडे बघून शिव्या घालतंय. म्हणजे सगळं नेहमीसारखं.

परवा तू मध्येच फोन ठेवलास, म्हणून लिहितेय. फोन आपटता येतो. पत्र फार तर फाडशील, पण त्याआधी वाचशीलच. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आधी माझ्या रेल्वेबद्दल सांगते. तू आयुष्यभर खरी इंजिनं चालवलीस, त्यामुळे तुला हसू येईल. हस. गावाला दीडशे वर्षं होताहेत, ईस्टरच्या शनिवारी हॉलमध्ये प्रदर्शन आहे आणि त्यासाठी जुन्या स्टेशनाचं मॉडेल कुणीतरी करायचं ठरलं. क्लबातल्या बाप्यांचे आपापले आल्प्स आणि बोगदे चालू होते. मी हात वर केला. अध्यक्ष रॉस हॉकिंग म्हणाला, "नोरीनबाई, हे स्वेटर विणण्याइतकं सोपं नाही."

मी म्हटलं, "तू विणलायस का कधी एखादा?"

जुना दरवाजा सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकून सुरुवात केली. पहिल्या महिन्यात रूळ असे वळवले की इंजिन प्रत्येक फेरीला त्याच जागी कोलमडायचं. खडी चिकटवताना रूळ बदलायच्या सांध्यातच गोंद गेला आणि सांधा दगडासारखा घट्ट बसला. तारांना डाग देताना बोटं भाजली ती वेगळीच. लोथर नॉयमन आठवतो? गहू मंडळात वजनकाट्यावर होता तो. त्याने येऊन सगळं पाहिलं आणि म्हणाला, "नोरीन, तू दरवाजाभर गाव कोंबलंयस. अर्धं काढून टाक. आपल्याकडे मोकळी जमीन जास्त आणि घरं कमी. ती मोकळी जमीनच खरी दिसली पाहिजे."

सगळं उखडलं आणि पुन्हा मांडलं. माती खरी आहे, स्टेशनाच्या जागेवरचीच. मोज्यातून चाळून घेतली, पाण्यात पांढरा गोंद आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब कालवून ड्रॉपरने बसवली. गव्हाची कोठारं नळाच्या पाइपाची. निलगिरीची झाडं तारेची आणि स्पंजची. पहिली सात ब्रोकोलीसारखी झाली, आठवं झाड झालं. फलाटाच्या फळ्या जुन्या फोटोत भिंग लावून मोजल्या. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं. माणूस जेमतेम बोटाच्या पेराएवढा.

तू म्हणालास, "नुसतं स्टेशन कर. फाटक वगळ." फाटक वगळून ते आपलं बॅरोज वेल कसं राहील, क्लाइव्ह? आपण वाढलो ते फाटकाच्या घरात. आई फाटकवाली होती. ते मी केलंय. व्हरांडा आणि पाण्याची टाकी केलीय, मागची तुझी मोटारसायकलची शेडही.

मागच्या मंगळवारी मी दरवाजा हॉलमध्ये नेला. चहा घेऊन परत येते तर रॉस आणि दोघंतिघं खिदळतायत. आपल्या व्हरांड्यात रॉसने एक चिमुकली बाई बसवली होती. खुर्चीत रेललेली, मान एका बाजूला, तोंड उघडं.

"इतिहास अचूक हवा ना?" रॉस म्हणाला. "फाटकवाली झोपली, पॅस्को गेला. प्रदर्शनाच्या पत्रिकेतही तसंच छापलंय."

मी चिमट्याने ती बाई उचलली. रॉसच्या चहात टाकली. म्हटलं, "पी."

घरी येईपर्यंत फार ताठ चालले. मग शेडमध्ये बसले आणि कळलं की ती खुर्ची रॉसने मांडलेली नाही. मी मांडलीय.

हे तुला माहीत नाही. तू अपघाताच्या चौकशीच्या दिवशी आत नव्हतास.

एकोणीसशे अडुसष्टच्या त्या दुपारी गाय दावं तोडून कोरड्या ओढ्यात उतरली होती. आई तिच्यामागे गेली. जाताना तुला म्हणाली, "बाराचाळीसची गव्हाची गाडी आहे. फाटक लाव." तू म्हणालास, "हो, हो." मी पायरीवर बसून वाटाणे सोलत होते, मी ते ऐकलं. तू शेडमध्ये मोटारसायकल दुरुस्त करत होतास. तुझ्या रेडिओचा आवाजही मी ऐकला. गाडीची शिटी ऐकली, आणि मीही उठले नाही, कारण ते काम तुझं होतं. आल्फ पॅस्कोचा दुधाचा ट्रक नेहमीसारखा आला, कारण फाटक उघडं होतं.

त्याच आठवड्यात तुला रेल्वेत शिकाऊ म्हणून घेतल्याचं पत्र आलं होतं. आईने आपल्याला स्वयंपाकघरात उभं केलं आणि सांगितलं, "फाटकाची जबाबदारी माझी. चूक माझी. वेळापत्रक वाचण्यात गफलत झाली, असं मी सांगेन. तुम्ही काही पाहिलं नाहीत." वेळापत्रक वाचण्यात गफलत. एवढंच. ताकीद मिळाली असती, फार तर बदली.

पण चौकशीला आलेल्या रेल्वेच्या साहेबांनी मला बोलावलं. मी अकरा वर्षांची. पायात चर्चचे बूट. त्यांनी विचारलं, "त्या वेळी आई कुठे होती, बाळ?" ओढ्यात म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग फाटकावर कोण होतं? त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मला घरी जायचं होतं. मी म्हणाले, "झोपली होती."

कुणीही शिकवलं नव्हतं मला. माझाच शब्द.

त्यांनी आईला आत बोलावून विचारलं, "मुलगी म्हणते ते खरं?" आईने माझ्याकडे पाहिलं. मला खोटं पाडायचं की स्वतःला, एवढं ठरवायला तिला एक श्वास लागला. म्हणाली, "हो साहेब. डोळा लागला."

घर गेलं, काम गेलं. मिसेस पॅस्को दुकानात तिला बघून सामान टाकून निघून जायच्या. नंतर मरेपर्यंत सव्वीस वर्षं आई या गावात मान खाली घालून जगली. चर्चच्या चहाला गेली नाही. दुपारी कधी आडवी झाली नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं? ताप असला तरी नाही. आणि दर ख्रिसमसला तुझा गणवेशातला फोटो यायचा, तो ती पुसून ठेवायची.

तू फोनवर म्हणालास, "मी सोळा वर्षांचा होतो, नोरी." खरं आहे. आता त्र्याहत्तरचा आहेस.

तर ऐक. शनिवारी फाटक असणार. आई ओढ्यात असणार, गायीचं दावं धरून. मी पायरीवर आणि तू मोटारसायकलजवळ. तिन्ही माणसं रंगवून झालीत. शेजारी एक कार्ड ठेवणार आहे, त्यात कोण कुठे होतं आणि कोण खोटं बोललं ते असेल. खाली माझी सही. तुला थांबवायचं असेल तर समोर येऊन थांबव. आला नाहीस तरी तू तिथे असशीलच.

गुडघ्याची काळजी घे. जिने चढू नकोस.

तुझी,
नोरी

बॅरोज वेल
२२ एप्रिल २०२५

प्रिय क्लाइव्ह,

तू आला नाहीस. मॉइरावहिनीचा संदेश मिळाला, की तू पत्र वाचलंस आणि दोन दिवस अंगणात बसून आहेस. बस. पण हेही वाच.

शनिवारी दारं उघडायच्या आधी रॉसने कार्ड वाचलं. लाल झाला. "नोरीनबाई, हे प्रदर्शन आहे. चर्चमधला कबुलीजबाब नाही. काढा ते."

"काढते की," मी म्हटलं. "दरवाजाही नेते. मग दीडशेव्या वर्षाला स्टेशन म्हणून तुझे आल्प्स दाखव."

लोथर पुढे आला. खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसला आणि त्याने गाडी सुरू केली. कार्ड तिथेच राहिलं.

लोक आले. वाचलं, पुन्हा वाचलं. काहींनी माझा हात दाबला. एक बाई म्हणाली, "मेलेल्यांची लक्तरं वेशीवर कशाला टांगता?" मी म्हटलं, "मेलेलीची नाहीत, माझी आहेत." मला वाटलं होतं सगळं बोलून टाकलं की हलकं वाटेल. पण नुसते पाय दुखत होते.

दुपारी बेरिल पॅस्को आली. आल्फची मुलगी, शाळेत माझ्याच वर्गात होती. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींशी अवाक्षरही बोललो नव्हतो. तिने चष्मा लावला आणि कार्ड वाचलं. मग वाकून एकेक माणूस पाहिलं. ओढ्यातली आई, पायरीवरची मी, मोटारसायकलजवळचा तू. 

मला वाटलं, आता रडेल. किंवा थोबाडीत मारेल. मी दोन्हीला तयार होते.

ती म्हणाली, "माझ्या बाबांचा ट्रक कुठाय?"

 ट्रक मी केलाच नव्हता, क्लाइव्ह. आठवं झाड केलं, फलाटाच्या फळ्या मोजल्या, गायीच्या कपाळावरचा पांढरा ठिपकाही रंगवला. ट्रक नाही.

"तुझ्या आईला जागा झाली," बेरिल म्हणाली. "तुझ्या भावाला झाली. मेला तो माझा बाप. त्याला जागा नाही?"

"हिंमत झाली नाही," मी म्हणाले.

"इतकं सगळं लिहायला झाली की!" तिचा आवाज चढला. "सव्वीस वर्षं, ती जाईपर्यंत, मी तुझ्या आईला ओळख दिली नाही, नोरीन. ती समोरून आली की आई मला रस्ता ओलांडायला लावायची. नंतर मीच ओलांडायला लागले. आता हे कुठे टाकू मी?"

मी माफी मागितली. तिने ऐकली नाही, किंवा ऐकून सोडून दिली. निघून गेली.

रविवारी सकाळी, चर्चमध्ये घंटा होत असताना, ती माझ्या दारात उभी. हातात फोटो. "दुधाचा ट्रक म्हणून पांढरा करशील, पण पांढरा नव्हता तो," म्हणाली. "हिरवा. डाव्या दिव्याजवळ पोचा होता, मीच सायकल धडकवली होती." मी तिला शेडमध्ये घेतलं. एक जुना खेळण्यातला ट्रक कापून, घासून आम्ही दोघींनी तो केला. दुधाच्या बरण्यांसाठी ती काचमणी घेऊन आली होती. रंग तिने स्वतः दिला, जीभ दातात धरून, शाळेत धरायची तशी.  एकदा ती म्हणाली, "तुझी आई ओढ्यातून धावत आली होती म्हणजे." मी म्हटलं, "हो. अनवाणी. तुझ्या बाबांचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं." तिला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिने ब्रश बाजूला ठेवला, थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

सोमवारी प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ट्रक रस्त्यावर ठेवला, फाटकापासून बोटभर अलीकडे. लोथरने बेरिलला विचारलं, "गाडी बंद ठेवू का?"

"नाही," ती म्हणाली. "चालवा."

गाडी गेली. आम्ही दोघी उभ्या राहिलो. रॉस लांबून बघत होता. संध्याकाळी त्याने पत्रिकेतलं ते पान नव्याने छापायला हवं असं स्वतःच म्हटलं, माझ्याकडे न बघता.

मग बेरिलने मोटारसायकलजवळच्या तुझ्यावर बोट ठेवलं. "हा जिवंत आहे का?"

"हो. पर्थला असतो."

"बोलेल माझ्याशी?"

मी तुझ्या वतीने हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. आपण दोघं आयुष्यभर एकमेकांच्या वतीने गप्प बसलो, तेवढं पुरे. मी तिला तुझा पत्ता लिहून दिला. तुला विचारलं नाही, आणि विचारणारही नव्हते.

तिचं पत्र निघालंय, कदाचित माझ्या आधीच पोचेल. हिरव्या शाईतलं असेल. ते फाडू नकोस आणि मॉइरावहिनीकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः उघड. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, तिला दे.

आयव्ही फाटकवालीची मुलगी,
नोरीन