मानसीच्या लॅपटॉपची दुसरी प्रत

रविवार, ९ जुलै २०१७, ब्युमॉन्ट

डोकं फिरलंय. मानसी उद्या बसने दीड तासावरच्या मलिंगारच्या हॉस्पिटलात रुजू होणार. तिच्या लॅपटॉपवरची लिनक्स सिस्टीम मी खपून, तिच्या सवयीप्रमाणे बसवलीय. आज म्हणते, "सगळं जसंच्या तसं पेनड्राइव्हवर दे ना. लॅपटॉप रुसला तर त्यावरून चालू करीन. दर वेळी तुला कशाला पळवायचं?"

पळव ना! मी कधी नाही म्हटलंय?

संध्याकाळी कॉपी झाली. माझ्या लॅपटॉपला लावून पाहिली, तर नुसता काळा स्क्रीन. फाइली सगळ्या आहेत, पण चालू होत नाही. आणि वाटलं, राहू दे. तिकडे तिलाही काळा स्क्रीन दिसेल, ती फोन करेल, मी पुढच्या बसने मलिंगारला.

रूममेट निखिल म्हणाला, "दे तसाच. कॉलेज अर्धवट सोडलंस, हेही सोड. ग्रँड!" इथल्या लोकांसारखं, 'मस्त' अशा अर्थी. त्याच्यावर ओरडलो. पण माझ्या मनातलंच बोलला ना तो?

पेनड्राइव्ह पुसला, पुन्हा पहिल्यापासून कॉपी केली. या वेळी सगळं उघडलं, मराठी कीबोर्डसकट.

फोनवर तिला म्हणालो, "चालतंय. पण काही बिघडलं नाही तरी फोन कर."

"मग बोलायचं काय रे?"

"हवामानाचं," म्हणालो आणि फोन ठेवला. आता पन्नास विषय सुचताहेत.