सरी म्हटलं ते कॉफीला

३ जून १९६४
आले बाई एकदाची नातवाच्या घरी, मल्लेश्वरमला. होसकोट्याहून आणलेली लोणच्याची बरणी बसमध्ये फुटली नाही, हे नशीब. नातसून क्षमानं ही वही दिली, म्हणाली, अज्जी, लिहीत जा. दोन बुकं शिकलेली मी, लिहिते स्वल्प स्वल्प.
त्रिविक्रमचं काम ऐकून हसू आलं. बंगळुरात समुद्र कुठला? पण त्याच्या कचेरीत समुद्राच्या तळाची चित्रं येतात, लांबलचक कागदावर, पाण्यात आवाज सोडून काढलेली. मधल्या रेषेवरून बोट जाते, दोन्हीकडे तळ. ठिपका आणि त्यामागे काळी सावली दिसली, की पाण्यात पेरलेला सुरुंग. माणसाच्या नजरेला किती सापडतात, किती सुटतात, किती उगाच दिसतात, ते हे लोक तपासतात.

७ जून
त्याचे डोळे दमले, म्हणून कागद माझ्यापुढं पसरला. तांदळातले खडे निवडावेत तसंच की. एका जागी मात्र नुसती सावली, ठिपका नाही. म्हणाला, अज्जी, वस्तूशिवाय सावली पडते होय? चष्मा पूस. पुसला.

१२ जून
त्याच पाण्याचा नवा कागद. सावली मधल्या रेषेकडे सरकलेली. सांगणार, तोच क्षमानं आतून विचारलं, कॉफीत साखर पुरे का. मी म्हटलं, सरी, म्हणजे ठीक आहे. त्रिविक्रमनं ते कागदाला म्हटलं असं धरलं, ‘निर्धोक’ लिहून सायकलवर गेलाही. संध्याकाळी सांगितलं, तर हसला. उगाच दिसण्याचाही रकाना असतो म्हणे.

१६ जून
त्रिविक्रम कोचीला गेला. त्याच पाण्यावरून बोटीनं जाऊन कागद पडताळायचा आहे.
तांदूळ निवडायला घेतले. सुपात काळी रेघ. खडा नाही. पाखडलं. रेघ तिथंच—

१८ जून
ती रेघ आता लाल जमिनीवर. त्रिविक्रमच्या पाटामागं. पाटावर कुणी नाही. क्षमा म्हणते, वय झालं. ती त्या रेघेवरूनच चालत—

१९ जून
शेजारच्या श्रीकांतरावांकडे त्रिविक्रमचा ट्रंककॉल. बोट सुटतेय. म्हणाला, मन खातंय, अज्जी, तो कागद सरी होता ना? नाही म्हणायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. आणि मागून, माझ्याच आवाजात, कुणीतरी—सरी.
तो हसला. फोन ठेवला.
वळले. समोर श्रीकांतरावांचा आरसा. आरशात भिंत, भिंतीवर माझी सावली. सावलीपुढं मी नाहीच—