पळसाच्या पानांचा मनोज

प्रिय गजा,

तुझ्या डोक्यात मेंदूच्या जागी खारं पाणी भरलंय का रे? मागच्या खेपेला आमच्याकडून निघताना तू मनोजच्या बापाच्या, सदूच्या, चपला घालून गेलास आणि तुझ्या इथंच टाकून गेलास. सदू आठवडाभर तुझ्या चपला फटक फटक वाजवत साजगावच्या कारखान्यात जात होता. लोकांनी विचारलं तर म्हणायचा, बोटीवरचा माल आहे. पोचल्यावर फोन करतो म्हणालास, तो केला नाहीस. दिवाळीनंतर येतो म्हणालास, ते विसरलास. भाग्यश्री फोन लावते तर तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी बोलते आणि ही भाग्यश्री, मनोजची बहीण, लिहिते. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते, म्हणजे तुला वाटेल म्हातारी शहाणी झाली.

मनोजच्या बोटीवरून तू आलास तो दिवस मला अजून ओटीवर बसलेला दिसतो. मनोजची बॅग तू मांडीवरून खाली ठेवत नव्हतास. मग तू बोटीवरच्या बुजगावण्यांची गोष्ट सांगितलीस. दरोडेखोरांना लांबून पहारेकरी वाटावेत म्हणून बोटीच्या कठड्याला कापडी माणसं बांधतात, आणि ती बांधायचं काम मनोजकडे होतं, कारण शेतकऱ्याचं पोर तेवढं एकच. पहिल्यांदा तूच हसलास, मग सदू हसला, मग मीही. (भाग्यश्री म्हणते दरोडेखोर नाही, चाचे लिहायचं. दुसऱ्याच्या घरात बंदूक घेऊन शिरणाऱ्याला मी दरोडेखोरच म्हणते, मग घर पाण्यावर का असेना.) आमच्या रानातल्या बुजगावण्याला डुकरंसुद्धा घाबरत नाहीत, उलट अंग घासून जातात. मनोजला हे ठाऊक होतं. तरी त्यानं मन लावून बांधली असणार, एकेकाला टोपीसुद्धा घातली असणार.

आमच्या घराण्यात समुद्रावर कुणी गेलं नव्हतं बाबा. आमचं पाणी म्हणजे पळसदरीचं धरण. तिथं म्हशींबरोबर पोहायला शिकलेला पोरगा बोटीवर गेला, तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, तिकडं म्हशी नसतात, शेपटी कुणाची धरशील? त्यावर तो मला रस्ता समजावून सांगायचा. लाल समुद्रात आता लांबून बाण सुटतात, आगीचे, त्यानं बोटी बुडतात, म्हणून मालकांनी आफ्रिकेला वळसा घालायचा लांबचा रस्ता धरलाय, काळजी करू नको. मी केली नाही. लांबच्या रस्त्याला चोर असतात हे आमच्या खंडाळ्याच्या घाटानं आम्हाला कधीच शिकवलं होतं, पण बोटीच्या रस्त्याला घाट नसतो असं मला वाटलं.

दरोडेखोरांनी तुम्हाला बोटीसकट धरून ठेवलं त्या महिन्यांत एकदाच त्याचा फोन आला. घरच्यांनी रडावं, मालकावर ओरडावं, म्हणून ते लोक फोन देतात असं मागाहून कळलं. वनितानं, त्याच्या आईनं, घेतला आणि त्याचा आवाज ऐकताच माझ्या हातात दिला. तो म्हणाला, आजी, इथं सगळं ठीक आहे, पोटभर जेवतो. मी म्हटलं, फार जेवू नकोस, जाड झालास तर बायको मिळायची नाही. तो हसला. मागून कुणीतरी ओरडलं आणि फोन बंद झाला. त्या हसण्यावर आम्ही किती दिवस काढले.

मग तुम्ही सुटलात आणि तू एकटा आलास. ताप आला, झोपेतच गेला, त्रास झाला नाही, आम्ही हात जोडून समुद्रात सोडला, असं तू सांगितलंस. मी ऐकून घेतलं. वनितानं तुला वाढलं. तू म्हणालास, खाण्यापिण्याची आबाळ नव्हती मावशी, बोटीत साठा भरपूर होता. आणि हे बोलता बोलता ताटाबाहेर सांडलेली शितं तू शेणानं सारवलेल्या जमिनीवरून एकेक करून वेचून खाल्लीस. तुला ते कळलंसुद्धा नाही. वनिता आमटी आणायला आत गेली होती, तिनं पाहिलं नाही. मी पाहिलं. तिला अजून सांगितलेलं नाही. भाग्यश्रीला हे लिहिताना कळतंय, आणि तिचं पेन थांबलंय. लिही गं बाय, पुसून घे आणि लिही.

माणूस सापडला नाही की आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याला नारळ ठेवतात. सदूनं स्वतः पानं तोडून आणली, वनितानं वरून त्याचा निळा सदरा पांघरला, आणि त्या पानांच्या मनोजला आम्ही अग्नी दिला. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. त्याच्या आवडीचं काय नव्हतं त्या पानावर? कोंबडीचा रस्सा, वडे, शेवयांची खीर, नाक्यावरचा वडापाव. कावळे आले, बाभळीवर बसले, बघत राहिले. सदू म्हणाला, भाग्यश्रीचं शिक्षण पुरं करीन. वनिता म्हणाली, आजीला अंतर देणार नाही. एकही कावळा खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं, तसा गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि झालं म्हणून उठले. सगळे घरी गेले. मी पण गेले. पण गजा, गवताच्या कावळ्याला पोट कुठं असतं?

तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे. आम्ही ठेवलं ते आमच्या मनोजच्या आवडीचं, घरातून गेला त्या मनोजच्या. तुझ्याजवळ निजलेल्या मनोजला काय हवं होतं ते आम्हाला कुठं ठाऊक? मार्गशीर्षात त्याचं वर्षश्राद्ध आहे. तू तोंड चुकवतोस ते मला कळतं. तू जगलास यात तुझा काही गुन्हा नाही, आणि घरच्यांना बरं वाटावं म्हणून खोटं बोललास त्याचा मला राग नाही. तो पण मला तेच खोटं बोलला होता. यायला धीर होत नसेल तर येऊ नकोस. पण शेवटी त्यानं काय मागितलं आणि तुम्हाला त्याला काय देता आलं, ते फक्त तू सांगू शकतोस. कागदावर लिहायचं नसेल तर लिहू नकोस. त्याला जे देता आलं ते तुझ्या हातानं, तिथं जसं शिजायचं तसंच शिजव आणि आदल्या दिवशी पनवेलच्या एसटीत कंडक्टरकडे डबा दे, सदू उतरवून घेईल. तुझी आई गोदा जवळ उभी राहून चव सुधारायला बघेल, तिला बाजूला कर. भात कच्चा असेल तर कच्चा, अळणी असेल तर अळणी. आणि डबा भरून पाठवू नकोस. एकाच्या वाटणीला यायचं तेवढंच घाल.

तुझीच,
मनोजची आणि आता तुझीही आजी,
आनंदीबाई